दुधाचे खाडे : २०२६ च्या कॅलेंडरच्या कामाच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

वही आजपासून सुरू. काम: २०२६ चं भिंतीवरचं कॅलेंडर. बारा पानं, प्रत्येक पानावर एक लिनोछाप (लिनोलियमच्या ठोकळ्यावर चित्र कोरायचं, शाई लावायची, कागदावर उमटवायचं), साठ प्रती. मुदत दसरा. दिवाळीपर्यंत लोकांच्या हातात पडलं नाही तर नंतर बँकेचं, वाण्याचं फुकट येतंच, मग आपलं पैसे देऊन कोण घेणार?

विषय नाशिक. यादी अर्ध्या तासात तयार: रामकुंड, काळाराम, नारोशंकराची घंटा, दुतोंड्या मारुती, सरकारवाडा, पांडवलेणी, सुंदरनारायण, व्हिक्टोरिया पूल (अहिल्यादेवी होळकर पूल म्हणायला हवं, पण तोंडात बसलेलं जात नाही), द्राक्षबाग, रंगपंचमीची रहाड, ब्रह्मगिरी. अकरा झाली. बारावं आठवेल.

शाळा १६ ला उघडते. त्याआधी दोन ठोकळे तरी कोरून व्हायला हवेत. एकदा चित्रकलेच्या वह्या तपासायला आल्या की माझी बोटं माझी राहत नाहीत.

१४ जून, शनिवार

पहिला ठोकळा: नारोशंकराची घंटा. देऊळ १७४७ चं, घंटा वसईच्या विजयाची. तिच्या कडेवरची अक्षरं कोरायचा मोह आवरला.

पावसाळी गार हवेत लिनो ताठ होतं. छिन्नी अडकते, मग सटकते आणि डाव्या हाताच्या बोटावर येते. मागच्या गोणपाटाच्या बाजूने इस्त्री फिरवली की मऊ पडतं. नवऱ्याचा शर्ट आणि माझं लिनो एकाच इस्त्रीवर. शर्ट आधी करायला हवा होता.

शाई काचेवर लाटली. (काच म्हणजे हॉलमधल्या टीपॉयची. घरात अजून कळलेलं नाही.) जाड असते तेव्हा रोलर पचपचतो. पातळ, सारखी झाली की बारीक चरचर येते. तो आवाज आला की थांबायचं. कागद ठेवला, स्टीलच्या वाटीच्या बुडाने मागून घासला, कोपऱ्याला धरून सोलला. पहिली छाप उमटताना पोटात अजूनही गोळा येतो, वीस वर्षं झाली तरी.

अण्णांना दाखवली. सासरे चौतीस वर्षं नोटप्रेसमध्ये होते. नाशिकरोडला ‘प्रेस’ म्हटलं की वर्तमानपत्र कुणाच्या डोक्यातही येत नाही. १९२५ ची सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ ची नोटप्रेस, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. त्यांनी छाप खिडकीशी नेली, तिरपी धरली, भिंग आणलं.

“छान आहे,” म्हणाले. “पोस्टाच्या तिकिटासारखं आहे.”

प्रेसमधल्या माणसाकडून हे कौतुकच असणार. तरी रात्री झोप लागेना.

२२ जून, रविवार

तीन ठोकळे झाले. घंटा, पूल, दुतोंड्या. गोदावरीतल्या दुतोंड्याला पाणी कुठवर आलं यावर सगळं गाव पुराचा अंदाज बांधतं. गुडघ्याला आलं, कमरेला आलं, गळ्याशी आलं. म्हणून त्याला पाण्यात अर्धा बुडवला. रेषा जमल्यात, तोलही आहे. पण बघताना काहीच होत नाही. बसस्टँडवरच्या ‘नाशिकमध्ये आपले स्वागत’च्या फलकासारखं वाटतं.

जानेवारीचं कच्चं पान करून स्वयंपाकघरात लावलं. पाऊण भाग चित्र, खाली तारखांची नाजूक पट्टी. मला ती पट्टी फार आवडली होती.

नवरा दुधाची पिशवी फोडत होता. मान वर करून म्हणाला, “आणि लिहायचं कुठे?”

“काय लिहायचं?”

त्याने पिशवीच्याच हाताने शेजारच्या, यंदाच्या कॅलेंडरकडे बोट केलं. बघितलं. जूनचं पान गच्च भरलंय. सिलिंडर लावल्याची तारीख. दुधाचे खाडे, म्हणजे फुल्या. कामाच्या मावशींचे खाडे, ते गोल. लाइटबिल भरलं. लेकीची फी, दोन हप्ते. अण्णांची बीपीची गोळी सुरू. ‘प्लंबर??’ दोन प्रश्नचिन्हांसह, तीन वेगवेगळ्या चौकोनांत.

मी म्हटलं, ते कॅलेंडर वेगळं, हे वेगळं.

“मग हे पोस्टर आहे,” तो म्हणाला आणि दूध तापत ठेवलं.

२९ जून, रविवार

काम नाही. रुसवा आहे असं लेक म्हणते. रुसवा नाही. मी हे कशासाठी करतेय ते एका वाक्यात लिहून बघत होते. सहा वाक्यं लिहिली आणि सहाही प्रदर्शनाच्या पत्रकातली निघाली. ‘नाशिकचा समृद्ध वारसा’ वगैरे. खोडली. काळाराम १९३० च्या सत्याग्रहाशिवाय नुसता देखणा म्हणून कोरायचा, तर तो मी का कोरायचा? आणि सत्याग्रह एका पानात मावणारा नाही. ते स्वतंत्र काम आहे. यादीतून काळाराम काढला.

६ जुलै, आषाढी एकादशी

उपास म्हणून स्वयंपाक कमी, असं पुरुषांना वाटतं. साबुदाणा भिजवणे, दाणे भाजणे, सोलणे, कूट, रताळी, भगर, आमटी. दुपारी दोनला हात मोकळे झाले.

अण्णांनी दिवाणाच्या पेटीतून सुतळीने बांधलेली गुंडाळी काढली. जुनी कॅलेंडरं. १९८७ पासून २०१९ पर्यंत, एकही वर्ष गाळलेलं नाही. सगळी आईंच्या हातची. सासूबाई जाऊन सहा वर्षं होतील. २०१९ चं ऑक्टोबरपर्यंत भरलेलं, पुढे कोरं.

मला वाटलं होतं, ही रद्दीत गेली असतील.

अण्णांनी एकच बाजूला काढलं. २०१५. “तुला हेच लागेल,” म्हणाले. “२०२६ ला हेच वार आहेत.”

मोबाइलवर पाहिलं. खरंच. दोन्हीकडे एक जानेवारी गुरुवार. मी विचारलं, कसं काय? त्यांनी रताळ्याची फोड खाता खाता हिशेब सांगितला. साधं वर्ष एक वार पुढे सरकतं, लीप वर्ष दोन. २०१५ ते २०२६ अकरा वर्षं. मधे २०१६, २०२० आणि २०२४ लीप, म्हणजे तीन जास्तीचे. अकरा अन् तीन चौदा. चौदाला सातने भाग जातो.

“पण सण नाही जुळायचे,” त्यांनी बजावलं. ते मात्र मलाही ठाऊक होतं. २०१५ ला अधिक आषाढ होता, २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. तेव्हा गणपती १७ सप्टेंबरला बसले, पुढच्या वर्षी १४ ला बसतील.

१३ जुलै, रविवार

ठोकळे तसेच पडून आहेत. आठवडाभर रात्री २०१५ वाचतेय.

आईंचं अक्षर बारीक, पेन्सिलचं, चौकोनाच्या डावीकडून सुरू होणारं. क्रियापदं जवळजवळ नाहीत. ‘गॅस लावला’ हे त्यातल्या त्यात लांब वाक्य. ‘खाडा.’ ‘पाणी एकदाच.’ ‘गहू ४० कि.’ ‘कुरडया, चीक पातळ.’ ‘बाळ पालथं पडलं’ हेही त्याच पेन्सिलीत, त्याच आकारात, गव्हाच्या खाली.

ते सिंहस्थाचं वर्ष. २९ ऑगस्ट, पहिलं शाहीस्नान: ‘पाहुणे ७. गाद्या शेजारून.’ १३ सप्टेंबर, दुसरं: ‘रस्ता बंद. खाडा. पावडरचा चहा.’ १८ सप्टेंबर, तिसरं: ‘पाहुणे गेले. गाद्या परत, १ डाग.’ साऱ्या देशाचं लक्ष रामकुंडाकडे, आणि आमच्याकडे शेजाऱ्यांच्या गादीवरचा डाग. मला मात्र ते वर्ष याच नोंदींतून आठवलं. कुठली गादी, कुणी सांडलं, सगळं.

आणि मग दुसऱ्या नोंदी दिसल्या. ‘दिवा १२॥.’ ‘दिवा १।.’ ‘दिवा १.’ महिन्यात चार-सहा वेळा. ते अर्ध्या-पाव तासांचे उभे दंडही जुन्या पद्धतीचे.

दिवा म्हणजे माझा. लेक तान्ही होती, ती झोपली की मी टेबललॅम्प लावून चित्रं काढत बसायची. आई बोलल्या कधीच नाहीत. एकदाच म्हणाल्या होत्या, “डोळे सांभाळ.” आणि इथे मोजत होत्या. लाइटबिलासारखं.

नवऱ्याला दाखवलं, तो हसला. मला हसू आलं नाही. कॅलेंडर गुंडाळून ठेवलं.

२० जुलै, रविवार

तारखाही लिनोत कोरायच्या असं ठरवलं. हट्टच. जानेवारीचे एकतीस आकडे, सगळे उलटे, कारण छाप आरशासारखी पडते. चार संध्याकाळी गेल्या.

आज छापलं. लेक म्हणाली, “मम्मा, तेरा तारीख दोनदा आहे.”

मराठी ६ उलटा केला की ३ दिसतो. सोळातला सहा मी सरळ कोरला, छापून आला तीन. जानेवारीत सोळा तारीख नाही आणि तेरा दोन. म्हणजे एक शुक्रवार आणि एक मंगळवार, दोघंही तेरा. लेक जमिनीवर लोळून हसली. मग मीही.

अण्णांनी तो कागद मागून घेतला. मागे ‘बाद १’ लिहून तारीख टाकली आणि स्वतःच्या कपाटात ठेवला. मी फेकणार होते. “बाद कागद फेकायचा नसतो,” म्हणाले, “मोजायचा असतो.”

२ ऑगस्ट, शनिवार

निर्णय.

एक: तारखांचा भाग हाताने लिहून एका छोट्या ऑफसेट छापखान्यातून छापून घ्यायचा. त्यावर मी घरी लिनो छापणार.

दोन: चित्र पाव भाग, चौकोन पाऊण भाग. होता त्याच्या बरोबर उलट.

तीन: मांडणी आपल्या घरोघरच्या कॅलेंडरसारखी. वार डावीकडे, तारखा वरून खाली. मला आडवी मांडणी देखणी वाटायची, पण सगळ्या घराची नजर उभीला सरावलेली आहे. आडव्यात अण्णा दोनदा चुकले.

चार: २०२६ मध्ये मे शुक्रवारी सुरू होतो आणि ऑगस्ट शनिवारी, दोघंही एकतीस दिवसांचे. त्यामुळे सहावी उभी रांग लागते. छापील कॅलेंडरं शेवटच्या तारखा पहिल्या रांगेत वर कोंबतात आणि तिथे मग लिहायला जागा उरत नाही. मी सहावी रांग देणार, चौकोन जरा अरुंद झाले तरी चालतील. ३१ मेलाही सिलिंडर संपू शकतो. फेब्रुवारी तर रत्नच आहे: एक तारीख रविवार, अठ्ठावीस शनिवार, चार रांगा चोख.

पाच: कागद असा हवा की पेन्सिल, बॉलपेन दोन्ही चालेल आणि शाई फुटणार नाही. रविवार कारंजावरून पाच नमुने आणले. प्रत्येकावर घरातल्या सगळ्यांनी ‘खाडा’ लिहून बघितलं. गुळगुळीत, भारीतला, मला सर्वांत आवडलेला कागद नापास. पेन्सिल त्यावर घसरते.

चित्रं कसली, ते अजून ठरलेलं नाही. स्थळांची यादी मात्र फाडली.

१७ ऑगस्ट, रविवार

तेलाची शाई या हवेत तीन-तीन दिवस सुकत नाही. गॅलरीतल्या दोरीवर छापा चिमट्यांनी लावलेल्या, त्याच दोरीवर कपडे, आणि ऊन दिवसातून वीस मिनिटं. ते आलं की घरात मारामारी: आधी गणवेश की आधी घंटा? (घंटेचा ठोकळा लहान करून पुन्हा कोरला. स्थळांमधली तेवढी एक ठेवली, ऑगस्टसाठी. लहान झाल्यावर ती तिकिटासारखी न वाटता घंटेसारखी वाटायला लागली, हे मला अजून कळलेलं नाही.)

गणवेशाच्या पाठीवर अर्धी घंटा उमटली. रॉकेल मिळत नाही, गोडेतेल आणि मग भांड्यांचा साबण, असं दोनदा केल्यावर राखाडी झाली. उद्या शाळेत ती दप्तराखाली लपेल.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

एकवीस मोदक. सहा फुटले. काम नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार, अविधवा नवमी

आईंचं आज. शाळेतून अर्धी रजा. दोन सवाष्णी जेवायला, ओटी, खीर, वडे, आमसुलाची चटणी. चार वाजता स्वयंपाकघर आवरून बसले तर अण्णा २०१५ चं कॅलेंडर टेबलावर पसरून बसलेले. आज काढणारच ते.

मी उगाच विचारलं, “आई माझा दिवा कशाला हो मोजायच्या?”

त्यांनी भिंग लावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, “पुढचा चौकोन वाच ना.”

४ फेब्रुवारी, बुधवार: ‘दिवा १।.’ त्याखाली, ५ तारखेला गुरुवारच्या चौकोनात: ‘चहा मी.’

११ ला ‘दिवा १२॥’, १२ ला ‘चहा मी.’ मार्चमध्ये चार वेळा. जूनमध्ये सहा. मी बोट ठेवून सगळं वर्ष बघितलं. जिथे जिथे दिवा, तिथे दुसऱ्या दिवशी चहा. एका ठिकाणी नाही: १३ सप्टेंबर. तिथे पावडरचा आहे, कुणी केला ते लिहिलेलं नाही.

सकाळचा साडेपाचचा चहा माझ्याकडे असायचा. काही दिवशी उठायला उशीर व्हायचा आणि चहा झालेला असायचा. मला वाटायचं, चिडून केला असेल. कप जरा आपटून ठेवायच्या त्या.

चिडूनही केला असेल. पेन्सिलीत ते कळत नाही.

अण्णा काही बोलले नाहीत. मी चहा टाकला.

२ ऑक्टोबर, दसरा

मुदत आज होती. हुकली. आपट्याची पानं वाटताना दोघींनी विचारलं, कॅलेंडरचं काय झालं. म्हटलं, येतंय.

पण चित्रं ठरली. बहुतेक आईंच्या चौकोनांतून उचलली आहेत. जानेवारी: सिलिंडर, झाकणाच्या लोंबत्या दोरीसकट. फेब्रुवारी: द्राक्षांचा क्रेट, खाली कागदाच्या कातरणांसह. मार्च: रहाड. रंगपंचमीला तिवंध्यावर नणंदेकडे गेलो होतो तेव्हाची नोंद आहे, ‘रहाड. साडी गेली.’ रस्त्याखाली वर्षभर बुजवलेला तो पेशवाई हौद त्या दिवशी उघडतात आणि माणसं धप्पकन उडी मारतात. चित्रात हौद नाही, दोरीवर वाळणारी साडी आहे. एप्रिल: कुरडया. मे: माठ. जून: उघडून वाळत ठेवलेली छत्री. जुलै: पाण्याच्या भरलेल्या बादल्या. ऑगस्ट: घंटा. सप्टेंबर: शेजारची गुंडाळलेली गादी. ऑक्टोबर: ४० किलोची गव्हाची गोणी. डिसेंबर: ‘प्लंबर??’ (हे आईंचं नाही, आमचं आहे, पण राहवलं नाही.)

ऑक्टोबरचा शेवटचा चौकोन, शनिवार ३१, पुढच्या सिंहस्थाचं ध्वजारोहण. तेवढं बारीक छापायचं की नाही? छापलं. बाजूला गाद्यांची संख्या लिहायला जागा ठेवली.

नोव्हेंबर: टेबललॅम्प. हा ठोकळा सर्वांत झटपट झाला, एका रात्रीत. लिनोत उजेड म्हणजे खरवडून काढलेला भाग, बाकी सगळी खोली शाईची. शंकूच्या आत दोन-चार काळे तुकडे राहिले होते, तेही साफ करणार होते, तेवढ्यात दमले आणि तसेच ठेवले. छापल्यावर ते दिव्याभोवतीच्या किड्यांसारखे दिसतात.

झोपले पावणेदोनला. सकाळी उठले तर चहा झालेला होता. नवऱ्याने केला होता, साखर जास्त.

९ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी होऊन गेली. विक्रीचा हंगाम संपला असं व्यवहारी माणसं म्हणतील. शाळेतल्या शिक्षिकांनी अठरा प्रती सांगून ठेवल्यात, तेवढं पुरे.

कच्चे चौकोन छापखान्यातून आले. साठाला सत्तर या हिशेबाने बारा पानांचे ८४० कागद. अण्णांनी गठ्ठा सोडायच्या आधी मोजले, मग माझ्या हातात दिले, वहीत लिहिलं आणि मला सही करायला लावली. दर रविवारी असंच: किती दिले, किती चांगले, किती बाद. बाद कागदावर बोटांचे ठसे, वाकडी छाप, शाई कमी अशी कारणंही. ‘शाई कमी’वर आमचा वाद झाला. मला ती फिकट छाप आवडते. “आवडते हे कारण नाही,” ते म्हणाले. मग मीही एक-दोन लपवून चांगल्यांत घातल्या.

२१ डिसेंबर, रविवार

छपाई संपली. टीपॉयची काच आता कायमची राखाडी आहे. सगळ्यांना कळलंय.

लेक विचारते, तिच्या प्रतीत ती काय लिहिणार? म्हटलं, तुला जे वाटेल ते. तिने जानेवारीच्या पहिल्याच चौकोनात लिहून टाकलं: ‘मम्मा चिडली नाही.’ अजून १ जानेवारी यायचाय.

२८ डिसेंबर, रविवार

अण्णांनी शेवटची मोजणी केली. जेवणाच्या टेबलावर बारा गठ्ठे, ओला स्पंज, चष्मा, भिंग. घरात बोलायला बंदी.

चांगले ७२०. बाद ११९. एकूण ८३९.

पुन्हा मोजले. ८३९.

मार्चचा एक कागद नाही. लेकीच्या वह्यांची कव्हरं उघडून पाहिली, गॅलरीत पाहिलं, नवऱ्याची बॅग पाहिली. मी म्हटलं, “अण्णा, एकच तर कागद आहे, साठ प्रती पूर्ण आहेत.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प झाले. वहीत लिहिलंय: ‘१ कमी.’ खाली सहीची रेघ मारली आहे, सही केलेली नाही.

आत्ता रात्रीचे सव्वाअकरा. ते फ्रिजखाली बॅटरी मारून बघतायत.